हिरवे पाकीट

रेवदंड्याच्या कोटात, नारळी-पोफळींच्या वाड्यांतून वाट काढीत सातखणी मनोऱ्यापाशी जाऊन उभे राहिले आणि खाडीपलीकडच्या कोर्लईचा किल्ला दृष्टीस पडला, म्हणजे सोळाव्या शतकाच्या प्रारंभी चौलच्या पाण्यात शिरलेल्या आणि १७४० साली येथला मुक्काम हलवून गेलेल्या फिरंगी सत्तेने मागे काय काय ठेवले याची मोजदाद मन आपोआप करू लागते. ढासळलेला तट आहे, छप्पर गेलेली चर्चे आहेत, आणि कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत आजही घरात बोलली जाणारी, पोर्तुगीज आणि मराठी यांच्या सहवासातून जन्मलेली ‘नौ लिंग’ ही बोली आहे. या यादीत सहसा न येणारी, परंतु माझ्या आजच्या विषयाला थेट जाऊन भिडणारी आणखी एक वस्तू आहे, आणि ती म्हणजे वैद्यकातला एक शब्द. भावमिश्राने सोळाव्या शतकात रचलेल्या ‘भावप्रकाश’ या ग्रंथात ज्या व्याधीला ‘फिरंगरोग’ असे नाव देऊन ती फिरंगी स्त्रीपुरुषांच्या अंगसंगाने होते असे सांगितले आहे, आणि जिच्यावर पारद व चोपचिनी हे उपाय नमूद केले आहेत, ती व्याधी म्हणजे आपल्या लोकभाषेतील गरमी, अर्थात उपदंश. १५६३ साली गोव्यात छापलेल्या गार्सिया द ओर्ताच्या ग्रंथातही त्याच चोपचिनीची चर्चा त्याच व्याधीच्या संदर्भात आलेली आहे.

रोगाला परक्याचे नाव द्यावे ही मनुष्याची जुनीच खोड आहे. फिरंगी निघून गेले, आणि नावातला ‘फिरंग’ हळूहळू विसरला गेला. परंतु ज्याच्या माथी तो रोग मारावा असे कोणीतरी माणूस समाजाला हवेच होते, आणि ते माणूस म्हणून जिची नेमणूक झाली ती बाई अद्याप त्या नेमणुकीतून सुटलेली नाही. आपल्या रोजच्या बोलण्याकडे जरा कान देऊन पाहावे. ‘त्याला रोग लागला’ असे आपण पुरुषाविषयी म्हणतो, आणि ‘तिला रोग आहे’ असे बाईविषयी. जणू पुरुषाच्या अंगी तो बाहेरून येतो आणि बाईच्या अंगी तो जन्मापासून वस्तीला असतो. या एका क्रियापदाच्या फरकात दीडशे वर्षांचे कायदेकानू, दवाखाने आणि पोलीस ठाण्यांचे रोजनामे सामावलेले आहेत, असे मला या किनाऱ्याचा विषय हाती घेतल्यापासून सतत वाटत आले आहे.

रायगडच्या किनाऱ्यावर कामाठीपुरा नाही, बुधवार पेठ नाही. मांडव्यापासून श्रीवर्धन-हरिहरेश्वरापर्यंत, आणि आत पनवेल-पेणच्या हमरस्त्यापर्यंत, बोट दाखवून ‘ही ती गल्ली’ असे सांगता येईल असा मोहल्ला आढळत नाही; आणि गल्ली नाही म्हणून वेश्याव्यवसायही नाही असे मानण्याची सोय आपण करून घेतली आहे. वस्तुतः तो विखुरलेला आहे. महामार्गालगतचे लॉज, बारमधील ‘सर्व्हिस’, ट्रक थांबतात ते कळंबोलीसारखे तळ, १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाल्यापासून उरण-पनवेलच्या पट्ट्यात उभी राहिलेली कंटेनरांची दुनिया, आणि अलीकडे मोबाईलवरून ठरणारी शनिवार-रविवारची ‘पार्टी’, अशी त्याची आजची ठिकाणे. २०२० च्या मार्चमध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास मोटारी घेऊन येणारी रो-रो बोट सुरू झाली, २०२४ च्या जानेवारीत शिवडी आणि न्हावा-शेवा यांना जोडणारा जवळजवळ २२ किलोमीटरांचा अटल सेतू खुला झाला, आणि मुंबईची सुट्टी या किनाऱ्याच्या उंबरठ्याशी आली. नागाव, किहीम, काशीद, दिवेआगर येथे घरगुती खानावळी आणि कॉटेजे चालवणाऱ्या असंख्य कष्टाळू कुटुंबांचा या व्यवसायाशी काडीचाही संबंध नाही, हे येथे स्पष्टपणे नमूद केलेच पाहिजे. परंतु जेथे पैसा आणि गर्दी एकत्र येतात तेथे हा व्यवसाय मागोमाग येतो, आणि तो करणारी स्त्री बहुधा त्या गावची नसते. ती शुक्रवारी येते आणि सोमवारी जाते. तिचा या भूमीवर पत्ता नाही, शिधापत्रिका नाही, शेजार नाही. आणि ज्याला पत्ता नाही त्याच्यापर्यंत औषध पोहोचणे किती कठीण असते, हेच मला या लेखात सांगायचे आहे.

शब्दांविषयी एक खुलासा प्रथमच करतो. या स्त्रिया स्वतः आपल्या उपजीविकेला ‘धंदा’ किंवा नुसते ‘काम’ म्हणतात. सांगलीच्या स्त्रियांनी तर आपल्या संघटनेच्या नावात ‘वेश्या’ हा शब्द जाणीवपूर्वक ठेवला. त्यांच्या दुखण्यांनाही त्यांचेच शब्द आहेत. ‘अंगावरून पांढरं जातं’, ‘लघवीला आग होते’, ‘खाली फोड आलाय’, ‘ओटीपोटात कळ येते’. एस.टी. स्थानकांच्या मुताऱ्यांत भिंतीवर चिकटवलेल्या जाहिरातींतून ‘गुप्तरोग’ हा शब्द ज्यांनी लहानपणी वाचला असेल, त्यांना आठवत असेल की त्या जाहिराती नेहमी पुरुषाला उद्देशून असत. बाईच्या गुप्तरोगाची जाहिरात कोणी केली नाही, कारण बाईने दुखणे गुप्त ठेवावे अशीच सर्वांची अपेक्षा होती. आणि निसर्गानेही येथे तिच्याशी दगाबाजी केलेली आहे: परमा म्हणजे प्रमेह हा रोग पुरुषाला बहुधा दोन-चार दिवसांतच जळजळीने आणि पुवाने कळतो, तर स्त्रीच्या गर्भाशयमुखाशी तो महिनोन् महिने मुका राहून आतल्या आत नलिकांना सूज आणतो, वंध्यत्व आणतो, आणि तिला पत्ताही लागू देत नाही. उपदंशाचा पहिला व्रण वेदनारहित असतो आणि आत असल्यास दिसतच नाही. तो आपोआप भरून येतो, बाईला वाटते बरे झाले, आणि रोग रक्तात उतरलेला असतो. शिवाय असा व्रण असताना एचआयव्हीची लागण होण्याची शक्यता कितीतरी पटींनी वाढते.

आता या स्त्रियांपर्यंत औषध पोहोचवणाऱ्या ज्या पिशवीसाठी हा सारा प्रपंच, ती उघडून पाहू. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, जिला सारे ‘नॅको’ म्हणून ओळखतात, तिची स्थापना १९९२ ची, आणि महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्था १९९८ ची. त्यांच्या योजनेखाली ठिकठिकाणच्या संस्था या स्त्रियांमध्ये काम करतात, आणि त्या कामाचा खरा कणा असते ती ‘पिअर’, म्हणजे त्याच व्यवसायातली किंवा त्यातून बाहेर पडलेली, बाकीच्या जिला ताई किंवा मावशी म्हणतात अशी बाई. तिच्या खांद्यावरच्या पिशवीत निरोधाच्या माळा असतात, तो कसा चढवावा हे दाखवण्यासाठी लाकडी नमुना असतो, दवाखान्याच्या चिठ्ठ्या असतात, आणि एक वही असते, जीत नावे नसून सांकेतिक क्रमांक असतात. दर तीन महिन्यांनी तपासणी, दर सहा महिन्यांनी एचआयव्हीची आणि उपदंशाची रक्तचाचणी, असा त्या वहीचा क्रम. सरकारी दवाखान्यांतील ज्या खोलीला ‘सुरक्षा क्लिनिक’ हे नाव दिलेले आहे, तेथे औषधे रंगांनी ओळखली जातात, कारण रंग वाचायला अक्षरओळख लागत नाही. सात प्रकारची पाकिटे आहेत: करडे, हिरवे, पांढरे, निळे, लाल, पिवळे आणि काळे. पांढऱ्या पाकिटात पेनिसिलिनची कुपी असते. १९४३ साली पेनिसिलिनने उपदंश बरा होतो हे सिद्ध झाले आणि त्या रोगजंतूने आजतागायत या औषधापुढे मान तुकवलेलीच आहे, ही वैद्यकाच्या इतिहासातील दुर्मिळ निष्ठेची गोष्ट मानावी लागेल. परमा मात्र एकामागून एक औषधे पचवीत चालला आहे. चोवीस लाख युनिटांचे ते दाट, दुधासारखे पांढरे औषध जाड सुईने कुल्ल्यात द्यावे लागते, फार दुखते, आणि अंगावर पित्त उठत नाही ना, जीव गुदमरत नाही ना, हे पाहण्यासाठी बाईला पुढे काही वेळ बाकावर बसवून ठेवतात.

परंतु ज्या पाकिटाने मला या विषयाचे मर्म दाखवले ते पांढरे नव्हे, ते हिरवे. अंगावरून पांढरे जाते या तक्रारीसाठी ते असते, आणि त्यात सेक्निडाझोल व फ्लुकोनाझोल अशी दोन औषधांची एकाच वेळी घ्यावयाची मात्रा असते. इतके सोपे औषध दुसरे नाही. समुपदेशक ते देताना एक पथ्य सांगतात: ही गोळी घेतल्यावर दारू घ्यायची नाही, घेतली तर मळमळ, उलट्या, धडधड असा त्रास होऊ शकतो. आता वाचकांनी क्षणभर डोळ्यांसमोर आणावे की दिवस शुक्रवारचा आहे, संध्याकाळ होत आली आहे, मावशीने मोठ्या मिनतवारीने एका बाईला दवाखान्यापर्यंत आणले आहे, आणि तिच्या पुढे सीझनमधील दोन रात्री उभ्या आहेत, ज्यांत गिऱ्हाईक बाटली उघडणार आणि ‘माझ्याबरोबर घे’ म्हणून आग्रह धरणार. तिने नाही म्हटले तर त्याची मर्जी खप्पा होणार आणि पैसे तुटणार. ती काय करील? ‘सोमवारी घेते’ म्हणून पाकीट पर्समध्ये टाकील. सोमवारी ती दुसऱ्या गावी असेल. रोग तिला ठाऊक आहे, औषध तिच्या हातात आहे, फुकट आहे, आणि तरीही ते तिच्या पोटात जाऊ शकत नाही, कारण दारू हा तिचा छंद नसून तिच्या कामाची अट आहे.

मादक द्रव्यांचा आणि या व्यवसायाचा संबंध सांगताना लोक एकदम इंजेक्शनच्या सुईपाशी जातात. ईशान्य भारतात, पंजाबात तो प्रश्न भयंकर आहेच. परंतु आपल्या किनाऱ्यावर प्रथम क्रमांक दारूचाच लावला पाहिजे. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातील १० ते ७५ या वयोगटातील पुरुषांपैकी २७.३ टक्के, तर स्त्रियांपैकी अवघे १.६ टक्के मद्यपान करतात असे आढळले. म्हणजे दारू पिणारी स्त्री हा आपल्या समाजात इतका विरळ अपवाद आहे की तिच्यासाठी व्यसनमुक्तीची वेगळी सोय करावी हे कोणाच्या सहसा मनातही येत नाही. आणि ज्या स्त्रियांत ते रोजचे झाले आहे त्या आधीच हिशेबाबाहेरच्या. दिवसा मिस्री, संध्याकाळी गुटखा, रात्री दारू हा क्रम सवयीने अंगवळणी पडतो: पहिला पेला गिऱ्हाइकासाठी, दुसरा लाज आणि किळस मारण्यासाठी, आणि शेवटचा पहाटे झोप यावी म्हणून. या दुसऱ्या पेल्यानंतर निरोधाचा आग्रह सैल होतो. शुद्धीत असताना जी बाई ‘त्याशिवाय नाही’ असे ठामपणे म्हणू शकते, तिच्या हातून तो एक क्षण निसटतो, आणि शंभर वेळा पाळलेला नियम एकशे एकाव्या वेळी मोडतो. आणि एक ठिकाण असे आहे की जेथे शुद्धीतही हा आग्रह धरला जात नाही. ते म्हणजे ज्याला ती ‘माझा माणूस’ म्हणते त्याच्यापाशी. गिऱ्हाइकाशी निरोध आणि आपल्या माणसाशी विश्वास, असा तिचा हिशेब असतो. त्या माणसाला दवाखान्यात आणून त्याच्याही हाती पाकीट दिल्याशिवाय तिचा उपचार पुरा होत नाही, आणि तो येत नाही.

दारूच्या जोडीला आता पांढरी भुकटी आली आहे. मेफेड्रोन, बाजारातले नाव ‘एमडी’. २०१५ च्या फेब्रुवारीपर्यंत हे द्रव्य अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीतच नव्हते. ते झोप उडवते, भूक मारते, आणि लाज व भीती या दोन्ही पहारेकऱ्यांना काही तासांपुरते बाजूस सारते. रात्रभर जागे राहणे हेच जिचे काम, तिला ते प्रथम हत्यारासारखे वाटते. २०२३ सालच्या ऑगस्टमध्ये दापोलीपासून श्रीवर्धनपर्यंतच्या पुळणींवर चरसाची पाकिटे लाटांबरोबर येऊन पडू लागली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात खोपोलीजवळ एमडी तयार करणाऱ्या कारखान्यावर रायगड पोलिसांनी छापा घातला. वर्तमानपत्रांतून किलो आणि कोटी छापून आले, पोलिसांनी केलेली कामगिरी मोलाचीच होती. परंतु ती भुकटी शेवटी ज्या नाकापर्यंत पोहोचते त्या नाकाची मालकीण कोण, तिला सोडायची असेल तर तिने जावे कोठे, हा प्रश्न त्या आकड्यांच्या आड राहिला. १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यास ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभे केले तेव्हा मुंबई-पुण्यात ‘गर्द’ या अमली पदार्थाने थैमान घातले होते. पुढे त्याच संस्थेने ‘निशिगंध’ हा केवळ स्त्रियांसाठीचा विभाग काढला. अशी दारे महाराष्ट्रात बोटांवर मोजण्याइतकी आहेत. आणि अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात, कलम ६४-अ नुसार, अल्प मात्रेच्या वा सेवनाच्या गुन्ह्यात सापडलेली व्यसनी व्यक्ती स्वखुशीने उपचारास गेली तर तिला खटल्यापासून अभय मिळू शकते, ही तरतूद पोलीस ठाण्याच्या पायरीवर उभ्या असलेल्या किती स्त्रियांना कोणी समजावून सांगते?

आजवर आपण या स्त्रियांच्या रोगांचा बंदोबस्त कसा केला, याचा इतिहास पाहिला तर एकच तजवीज वेगवेगळ्या पोशाखांत पुनःपुन्हा येताना दिसते. गोऱ्या शिपायांना गरमीची बाधा होऊ नये म्हणून १८६८ चा सांसर्गिक रोगांचा कायदा झाला आणि १८७० साली तो मुंबई शहरास लागू करण्यात आला. वेश्येने दप्तरी नाव नोंदवावे, ठरल्या तारखेस तपासणीस हजर व्हावे, आणि रोग आढळल्यास बरी होईपर्यंत खास इस्पितळात कोंडून घ्यावे, असे ते फर्मान होते. पुरुषाच्या तपासणीचे कलम त्यात नव्हते. बाया पळाल्या. कलकत्त्यास तर त्या कायद्याची हद्द ओलांडून फ्रेंचांच्या चंद्रनगरास गेल्या. मुंबईत तो दोन वर्षांत गुंडाळावा लागला, १८८० च्या सुमारास पुन्हा अंमलात आला, आणि १८८८ मध्ये अखेर रद्द झाला. शंभर वर्षांनी, १९८९ साली, याच अरबी समुद्राच्या काठी गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुणास, केवळ त्याच्या रक्तात एचआयव्ही आढळला म्हणून, सार्वजनिक आरोग्याच्या कायद्याखाली ६४ दिवस स्थानबद्ध करून ठेवण्यात आले. तो या व्यवसायातला नव्हता. पण कोंडून घातल्याने रोग थांबतो ही जी समजूत त्याच्या वाट्याला आली, ती त्याच जुन्या इस्पितळाच्या भिंतींतून आलेली होती.

कोंडणे जमले नाही की हाकलणे येते. जून २००४ मध्ये गोव्यात वास्कोजवळच्या बायणा किनाऱ्यावरील वेश्यावस्ती जमीनदोस्त झाली. तेथे वर्षानुवर्षे संस्थांनी ओळखी जमवल्या होत्या, निरोधाचा रिवाज रुजवला होता, स्त्रिया एकमेकींना सांभाळीत होत्या. घरे पडली आणि त्या स्त्रिया लॉजांतून, रस्त्यांवरून, गोवाभर पांगल्या. ज्या कार्यकर्त्यांना त्यांची दारे ठाऊक होती त्यांच्या हाती रिकाम्या वह्या राहिल्या.

आणि मग आले आपल्या रायगडाचे प्रकरण. मार्च २००५ मध्ये पनवेलचे शेतकरी कामगार पक्षाचे आमदार विवेक पाटील यांनी विधानसभेत लक्षवेधी सूचनेद्वारे आपल्या भागातील डान्स बारचा प्रश्न मांडला. तो तळमळीने मांडलेला होता यात मला संशय नाही: जमिनींचे पैसे हाती आलेली आगरी-कोळी घरांतली तरुण पोरे एकेका रात्रीत काय उधळीत होती हे त्या पट्ट्यातील प्रत्येक आईबापाने पाहिलेले होते. गृहखाते सांभाळणारे उपमुख्यमंत्री आर. आर. पाटील यांनी त्या सूचनेला उत्तर देताना बंदीची घोषणा केली, मुंबई पोलीस अधिनियमात ३३-अ आणि ३३-ब ही कलमे घातली गेली, आणि त्या वर्षीच्या स्वातंत्र्यदिनापासून राज्यभरचे डान्स बार बंद झाले. तारांकित हॉटेले आणि जिमखाने तेवढे वगळले. पुढे न्यायालयापुढे जो आकडा आला त्यानुसार सुमारे ७५,००० स्त्रियांची रोजी त्यावर होती. १२ एप्रिल २००६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती कलमे रद्द ठरवली, आणि १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम करताना हेही नमूद केले की बंदीचा परिणाम उलटाच झाला, आणि रोजगार गेलेल्या स्त्रियांपैकी अनेकींना वेश्याव्यवसायाकडे वळावे लागले. त्यानंतर २०१४ ची दुरुस्ती, २०१६ चा नवा कायदा आणि जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, असा तो दावा चालतच राहिला.

मला येथे नाचाच्या नैतिकतेचा वाद घालायचा नाही. मला त्या स्त्रियांच्या मागे जायचे आहे. बारमध्ये दिवे होते, पहारेकरी होता, सोबतिणी होत्या, मेकअपची खोली होती. आरोग्याचे काम करणाऱ्या बाईला तेथे एका वेळी वीसजणी भेटत. बार बंद झाल्यावर त्याच वीसजणी वीस बंद दारांआड गेल्या. एकटी बाई, एक अनोळखी पुरुष, कडी लावलेली खोली आणि उघडलेली बाटली: परम्याला, गरमीला आणि एचआयव्हीला यापेक्षा सोयीची जागा कोणी मुद्दाम बांधू म्हटले तरी बांधता येणार नाही. ज्या तालुक्यातून बंदीची मागणी निघाली, त्याच तालुक्याच्या महामार्गालगत आज हा व्यवसाय लॉजांच्या नोंदवह्यांआड चालतो, आणि छापा पडला की ‘पीडित महिलांची सुटका’ या मथळ्याखाली तीन ओळींची बातमी येते. सुटका झालेल्या बाईच्या पर्समध्ये त्या वेळी हिरवे पाकीट होते काय, तिच्या उपचाराची तारीख कोणती होती, सुधारगृहात ती गोळी तिला कोणी दिली काय, हे त्या तीन ओळींत कधीच नसते.

याउलट जे घडले तेही आपल्याच महाराष्ट्रात घडले. १९९२ पासून सांगलीत मीना शेषू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘संग्राम’ या संस्थेतर्फे गोकुळनगरातील स्त्रियांच्या हातीच निरोधाचे वाटप आणि आरोग्याची जबाबदारी दिली. १९९६ मध्ये त्यांतून ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. त्याच १९९२ मध्ये कलकत्त्याच्या सोनागाचीत डॉ. स्मरजित जाना यांनी हीच वाट धरली. रोगाचे मूळ म्हणून जिच्याकडे बोट दाखवले जात होते, तिलाच आरोग्यसेविका केले, एवढाच तो क्रांतिकारक फरक. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मुंबईतील तपासलेल्या वेश्यांपैकी निम्म्याहून अधिक स्त्रियांत एचआयव्ही आढळत होता. २०१७ च्या राष्ट्रीय पाहणीत, देशभर, या व्यवसायातील स्त्रियांत ते प्रमाण १.५६ टक्क्यांवर होते. एका शहराचा आकडा आणि देशाचा आकडा यांची तोलाला तोल अशी तुलना करणे बरोबर नाही हे मी जाणतो. सर्वसाधारण प्रौढांतील ०.२२ टक्क्यांच्या मानाने ते अजूनही सातपट होते हेही खरे. तरीपण उतार निर्विवाद आहे, आणि तो छाप्यांनी आलेला नाही. तो त्या सांकेतिक क्रमांकांच्या वह्यांनी, मावशीच्या पिशवीने आणि स्त्रियांनी एकमेकींना दिलेल्या धाकाने आलेला आहे, असे माझे मत आहे.

कायद्याचे पारडेही अलीकडे थोडे झुकले आहे. सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेल्या एचआयव्ही व एड्स कायद्याने संमतीवाचून चाचणी आणि परवानगीवाचून नाव उघड करणे या दोहोंस मनाई केली. टाळेबंदीच्या वर्षी, २०२० मध्ये, महाराष्ट्र सरकारने या स्त्रियांना ऑक्टोबर ते डिसेंबर दरमहा ५,००० रुपये देऊ केले. १९ मे २०२२ रोजी बुद्धदेव कर्मास्कर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांनी त्यांच्याशी सन्मानाने वागावे, निरोध सापडला हा गुन्ह्याचा पुरावा मानू नये, आणि पत्त्याच्या पुराव्यावाचून त्यांना आधारपत्र मिळावे, असे निर्देश दिले. पत्ता नसलेल्या बाईला सरकारदरबारी अस्तित्व मिळावे, ही गोष्ट लहान नव्हे.

रायगडच्या किनाऱ्याकरिता माझे मागणे याहून पुष्कळ लहान आहे. सरकारी रुग्णालयांचा बाह्यरुग्ण विभाग सकाळी भरतो, आणि या स्त्रियांची रात्र पहाटे संपते; सकाळी नऊ वाजता केसपेपरच्या रांगेत, गावच्या चार माणसांत, त्यांनी उभे राहावे ही अपेक्षाच अवास्तव आहे. पनवेल, अलिबाग, मुरूड आणि श्रीवर्धन येथे आठवड्यातून एक संध्याकाळ सुरक्षा क्लिनिकची खोली उघडी ठेवावी. तेथे एक स्त्री डॉक्टर, एक मावशी, आणि दारूविषयी व एमडीविषयी न ओरडता बोलणारे एक माणूस असावे. लॉज चालवणाऱ्यांनी निरोधाची पेटी ठेवण्यास आणि मावशीला आत येण्यास हरकत घेऊ नये, आणि छापा घालणाऱ्या अधिकाऱ्याने पंचनाम्यानंतर बाईला तिच्या औषधाविषयी विचारावे. नॅकोची १०९७ ही मदतवाहिनी विनाशुल्क आहे, तपासणी विनाशुल्क आहे, हिरवे पाकीटही विनाशुल्क आहे. जिल्ह्याच्या आरोग्य खात्याने येत्या सीझनपूर्वी ही एक संध्याकाळ ठरवून द्यावी, एवढीच माझी विनंती आहे.